शिकणं, वाजवणं, शिकवणं

मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या काही तरुण पियानोवादकांचे लेख या पुस्तकात एकत्र आले आहेत. बहुतेक जण विशी-पंचविशीतले. कुणी परदेशात शिकून परतलं आहे, कुणी इथेच राहून ग्रेडच्या परीक्षा दिल्या आहेत, कुणी चर्चमधल्या गायकवृंदाला साथ करता करता हात तयार केला आहे. स्वतःचं शिक्षण पुरं होण्याआधीच हे सगळे दुसऱ्यांना शिकवू लागले, आणि तेही ज्यांच्या घरी पियानो येण्याची शक्यता नाही अशा मुलांना. लेख मागवताना मी प्रत्येकाला सांगितलं होतं की रियाज, कार्यक्रम आणि शिकवणी यांपैकी जे जवळचं वाटेल त्यावर लिहा. हाती आलेल्या लेखांत हे तीन विषय वेगळे काढताच येईनात. रियाजावर लिहायला बसलेली मुलगी दुसऱ्या पानावर आपल्या विद्यार्थ्यांकडे वळते; कार्यक्रमावर लिहिणारा मुलगा आपल्या टीचरांच्या खोलीत जाऊन पोहोचतो. ही गुंतागुंत मी सोडवली नाही. पियानोचा इतिहास पाहिला तर ती पहिल्यापासून तशीच आहे असं माझं मत आहे, आणि ही प्रस्तावना मुख्यतः त्यासाठी लिहिली आहे.

मराठी वाचकाला पेटी ठाऊक आहे. संगीत नाटकामुळे ऑर्गनही ठाऊक आहे. पियानो मात्र त्याने बहुधा हिंदी चित्रपटात पाहिलेला असतो, दिवाणखान्यात नायक गात असताना. पट्ट्या सारख्याच दिसतात, म्हणून पेटी येणाऱ्याला पियानो येईल असा समज सहज होतो. प्रत्यक्षात दोन्ही वाद्यांचा स्वभाव उलटा आहे. पेटीत भाता हलतो आहे तोवर सूर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते आणि मागे पडते. त्या क्षणानंतर सूर विरत जातो आणि वादकाला तो वाढवता येत नाही. फार तर तो पेडलने धरून ठेवता येतो किंवा बोट उचलून तोडता येतो. तरीही या वाद्यावर गाणं वाजवायचं असतं. एक सूर विरत असताना दुसरा त्याला असा जोडायचा की ऐकणाऱ्याला मींड नसतानाही सलगता वाटावी. त्यासाठी दुसरा सूर पहिल्याच्या सुरुवातीच्या जोराने वाजवून चालत नाही. पहिला विरत विरत जिथे पोहोचला आहे, तिथला अंदाज घेऊन बोट टाकावं लागतं. म्हणजे बोटाआधी कान. पियानोच्या शिक्षणात पुढे जी घराणी झाली, जे वाद झाले, त्यातले बरेचसे या एका अडचणीतून निघाले आहेत.

हे वाद्य इटलीतल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने फ्लॉरेन्समध्ये, मेदिची घराण्याच्या आश्रयाला असताना, 1700च्या सुमारास घडवलं. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे बोटाचा जोर कमीजास्त करून आवाज कमीजास्त होत नसे. क्रिस्तोफोरीच्या हातोडीने ते शक्य झालं. त्याने बनवलेले तीन पियानो आजही न्यूयॉर्क, रोम आणि लायप्झिगच्या संग्रहालयांत आहेत. पुढच्या दीडशे वर्षांत लाकडी चौकटीच्या जागी लोखंडी चौकट आली, तारा जाड झाल्या. आजच्या ग्रँड पियानोत 88 पट्ट्या आणि साधारण 230 तारा असतात. त्यांचा एकत्रित ताण 20 टनांच्या आसपास जातो. वाद्य असं अवजड होत गेलं तसा घराच्या खोलीतला पियानोवादक मोठ्या सभागृहात गेला, आणि त्याला शिकवण्याची पद्धतही बदलली.

शिकवण्याचा इतिहास मात्र सभागृहांत सुरू होत नाही. योहान सेबास्टियान बाखने आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, 1720 साली एक वही सुरू केली. आज जगभरची मुलं जे ‘इन्व्हेन्शन्स’ वाजवतात त्यांची पहिली रूपं त्या वहीत आहेत. 1723च्या सुबक प्रतीत बाखने त्यांचा हेतू लिहून ठेवला आहे : दोन स्वतंत्र आवाज स्वच्छ वाजवता यावेत, गाता गळा बोटांत यावा आणि त्यासोबत रचना करण्याची गोडीही लागावी. दीड-दोन मिनिटांच्या त्या तुकड्यांत डावा हात उजव्याचा साथीदार राहत नाही, तो बरोबरीचा गायक होतो. बाखचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने 1753 साली वादनपद्धतीवर ग्रंथ लिहिला. व्हिएन्नात दहाएक वर्षांचा कार्ल चेर्नी बीथोव्हेनकडे शिकायला गेला तेव्हा बीथोव्हेनने त्याच्या वडिलांना हाच ग्रंथ मिळवायला सांगितला. चेर्नी पुढे मोठा शिक्षक झाला. त्याच्याकडे फ्रांत्स लिस्ट नावाचा हंगेरीतून आलेला मुलगा शिकला, आणि त्याचं कुटुंब गरिबीत आहे हे पाहून चेर्नीने फी घेणं थांबवलं. लिस्ट उतारवयात वायमारला आपले प्रसिद्ध वर्ग घेऊ लागला तेव्हा त्यानेही विद्यार्थ्यांकडून पैसे घेतले नाहीत. चेर्नीचा आणखी एक शिष्य थिओडोर लेशेटिट्स्की. त्याच्याकडून पाडेरेव्स्की आणि श्नाबेल हे वादक तयार झाले. एका ग्रंथापासून विसाव्या शतकाच्या रेकॉर्डपर्यंत ही अशी शिष्यपरंपरा आहे. आपल्याकडे घराण्याची वंशावळ सांगतात तशी युरोपातले पियानोवादकही आपली सांगतात.

चेर्नीचं नाव निघालं की पियानो शिकलेल्या प्रत्येकाला त्याच्या एट्यूडच्या वह्या आठवतात. बोटं स्वतंत्र आणि बळकट करण्यासाठी शेकड्यांनी लिहिलेले ते व्यायाम. एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा अशा व्यायामांचा काळ होता. मनगट स्थिर ठेवायचं, बोटं हातोडीसारखी उचलायची, तास मोजायचे. या पद्धतीने हात तयार झाले तसे काही जायबंदीही झाले. रॉबर्ट शुमानला उजव्या हाताच्या बोटाच्या दुखण्यामुळे वादक होण्याचा विचार सोडावा लागला. त्याची पत्नी क्लारा मात्र वडिलांच्या, फ्रीडरिश व्हीकच्या, शिस्तीत वाढली. ती नवव्या वर्षी लायप्झिगच्या गेवांडहाउस सभागृहात वाजवायला बसली आणि पुढे साठ वर्षं वाजवत राहिली. 1878पासून फ्रँकफर्टच्या संगीतशाळेत तिने शिकवलं. आठ मुलं, दौरे, आजारी नवरा, मग वैधव्य. या सगळ्यांत तिची शिकवणी आणि कार्यक्रम एकमेकांना धरून चालले. तरुण पियानोवादकाचं आयुष्य कसं असतं याचा नमुना मला कुणी विचारला तर मी लिस्टच्या आधी क्लाराचं नाव घेईन.

शोपँजवळ थोडं थांबायला हवं. पॅरिसमध्ये त्याचं पोट जाहीर कार्यक्रमांवर चाललं नाही. ते चाललं शिकवणीवर, एका धड्याचे वीस फ्रँक. त्याने वादनपद्धतीवर पुस्तक लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही, पण टिपणं उरली आहेत. त्या काळी सगळे शिक्षक सी मेजरपासून, म्हणजे आपल्या पांढरी एकपासून, सुरुवात करत, कारण त्यात काळी पट्टी नाही आणि कागदावर ते सोपं दिसतं. शोपँने ते स्केल शेवटी ठेवलं. तो विद्यार्थ्याचा उजवा हात आधी असा ठेवायचा : अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटं काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर, करंगळी पांढरी सातवर. घरी पेटी असेल तर हात ठेवून पाहा. लांब बोटं उंचावरच्या काळ्या पट्ट्यांवर आपसूक टेकतात, आखूड अंगठा आणि करंगळी खाली पांढऱ्यावर येतात, आणि मनगट मोकळं राहतं. हाताच्या घडणीला वाद्य जुळलेलं आहे हे मुलाला पहिल्याच दिवशी कळतं. सगळी बोटं सारखी बळकट करण्याचा हट्ट शोपँने धरला नाही. प्रत्येक बोटाचा आवाज वेगळा आहे आणि तो तसाच वापरावा असं त्याचं म्हणणं होतं. या संग्रहातले किमान तिघे आपल्या वर्गात पहिला धडा असाच घेतात.

रशियात संगीतशिक्षणाची मोठी व्यवस्था अँटन रुबिनस्टाइनने 1862 साली सेंट पीटर्सबर्गला उभी केली. चार वर्षांनी त्याचा भाऊ निकोलाय याने मॉस्कोत दुसरी. त्या परंपरेतला हाइनरिख नॉयहाउस मला या सगळ्या शिक्षकांत सर्वांत जवळचा वाटतो. रिख्टर आणि गिलेल्स हे पियानोवादक त्याचे शिष्य. त्याने 1958 साली लिहिलेल्या पुस्तकाचा रोख असा, की रचनेचं चित्र आधी मनात उभं राहिलं पाहिजे, तंत्र त्याच्या मागून येतं. आणि त्याचा वर्ग भरलेला असे. एक विद्यार्थी वाजवतो आहे, बाकीचे भिंतीला टेकून ऐकताहेत, मधेच गुरुजी एखाद्या कवितेवर बोलू लागतात. एकाच्या चुकीतून दहा जण शिकतात. आपल्याकडे गुरूसमोर सगळे शागीर्द एकत्र बसतात त्याची आठवण यावी असं हे दृश्य आहे, आणि आजच्या अर्ध्या तासाच्या एकांड्या पियानो-शिकवणीत नेमकं तेच हरवलं आहे.

फ्रान्समध्ये मार्गरीत लाँगच्या परंपरेने बोटांच्या टोकांची स्वच्छ, मण्यांसारखी सुटी लय जोपासली. इंग्लंडमध्ये टोबायस मॅथेने हात सैल सोडून वजन कसं वापरावं याचं शास्त्र मांडलं. बार्तोकने 1926 ते 1939 या काळात ‘मिक्रोकोस्मोस’चे 153 तुकडे लिहून नवशिक्याला पहिल्या पानापासून विसाव्या शतकाच्या सुरांशी ओळख करून दिली. आज ही घराणी एकमेकांत मिसळली आहेत. व्हिएतनामच्या डांग थाय सॉनचं उदाहरण घ्या. युद्धाच्या काळात हनोईची संगीतशाळा खेड्यात हलवलेली असताना तो आईकडून शिकला, नंतर मॉस्कोला गेला आणि 1980 साली वॉर्सॉची शोपँ स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई झाला. पुढे तो कॅनडात शिकवू लागला, आणि 2021 साली तीच स्पर्धा त्याच्या शिष्याने, ब्रूस लिऊने, जिंकली. हनोई, मॉस्को, माँट्रियल, वॉर्सॉ : आता परंपरा अशी प्रवास करते.

आपल्याकडे ती कुठून आली? गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या पारोकियल शाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे नोटेशन पाहून गाणं, शिकवलं जाई. तिथूनच व्हायोलिन आणि पियानो वाजवणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या, मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेल्या. हिंदी गाण्यांतले कितीतरी वाद्यमेळ त्यांच्या हातचे आहेत. मुंबईत पारशी आणि ख्रिस्ती घरांत पियानो असे. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. कोलकात्यात 1915पासून संगीतशाळा आहे. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, त्यासोबत मुलांना शिकवण्याचं कामही सुरू झालं. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे. नकाशा एवढाच नाही, पण त्याचे ठळक बिंदू हे.

या सगळ्यावर गेलं शतकभर एका गोष्टीची छाया आहे : परीक्षा. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि 1889 साली स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा ब्रिटिश राजवटीत इथे रुजल्या आणि राजवट गेल्यावरही राहिल्या. ग्रेड एक ते आठ. बोर्डाच्या पारंपरिक परीक्षेत तीन पीस, स्केल्स, साइट रीडिंग, कानाची परीक्षा. एकूण 150 गुण, 100ला पास, 130ला डिस्टिंक्शन. प्रारंभिक ते विशारद ही शिडी ज्या मराठी घरांनी पाहिली आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. परीक्षांनी लहान गावांतल्या शिक्षकांना अभ्यासक्रम दिला, पालकांना विश्वास दिला, हे मान्यच केलं पाहिजे. पण मूल वर्षभर तीनच पीस वाजवतं, ही किंमत मोठी आहे. आठव्या ग्रेडला डिस्टिंक्शन मिळवलेली मुलगी वाढदिवसाला साधी चाल मनाने बसवून वाजवू शकत नाही, मैत्रीण गायली तर साथ करू शकत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. संग्रहातल्या बऱ्याच लेखकांनी ही पोकळी स्वतः अनुभवली आहे आणि ती भरून निघाली ती शिकवायला लागल्यावर, असं ते लिहितात. समोरच्या मुलाला नोटेशन येत नसतं, म्हणून कानाने शिकवावं लागतं. वही नसते, म्हणून पाठ असावं लागतं. मूल ‘असंच का?’ विचारतं, आणि दहा वर्षं वाजवलेल्या त्या ओळीकडे शिक्षक पहिल्यांदा नीट पाहतो.

कार्यक्रमाविषयी इथे एकच मुद्दा मांडतो. व्हायोलिन वाजवणारा आपलं वाद्य सोबत नेतो. पियानोवादकाला प्रत्येक गावी परकं वाद्य मिळतं : कुठे पट्ट्या जड, कुठे पेडल अर्ध्यावर अडकणारं, आणि आपल्या पावसाळ्यात तर लाकूड फुगून पट्टी दाबलेलीच राहणारी. मुंबईत कितीतरी घरांत ओल धरू नये म्हणून पियानोच्या आत छोटा दिवा जळत ठेवतात. कार्यक्रमाच्या दिवशी तास-दोन तासांत या अनोळखी वाद्याशी जमवून घेणं हा तयारीचाच भाग आहे, आणि तो कुठल्याही परीक्षेत शिकवला जात नाही. ज्याने शाळेच्या जुन्या, सुटलेल्या सुरांच्या पियानोवर मुलांना शिकवलं आहे त्याला तो आधीच येत असतो.

समाजात जाऊन शिकवण्याची-वाजवण्याची वाट पूर्वीही चोखाळली गेली आहे. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांच्या वस्तीत 1894 साली संगीतशाळा निघाली, ती आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनची नॅशनल गॅलरी रिकामी झाली, चित्रं सुरक्षित जागी हलवली गेली, तेव्हा मॅथेची शिष्या मायरा हेस हिने तिथे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक शिलिंग तिकिटात रोज संगीत सुरू केलं आणि ते 1946पर्यंत चालवलं. व्हेनेझुएलात होसे अँतोनियो अब्रेउ यांनी 1975 साली गरीब वस्त्यांतल्या मुलांचे वाद्यवृंद उभे करायला सुरुवात केली. आपल्याकडे चेन्नईचा सनशाइन ऑर्केस्ट्रा आणि गोव्यातलं चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन यांनी अशाच मुलांच्या हाती वाद्यं दिली. मात्र यांतला बराचसा अनुभव वाद्यवृंदाचा, म्हणजे व्हायोलिन-चेलोचा. वीस मुलांना वीस छोटी व्हायोलिनं देता येतात. वीस पियानो देता येत नाहीत. पियानोला वाद्यवृंदात कायमची जागाही नाही. म्हणून पियानोवादकाला आपली रीत स्वतः शोधावी लागते.

लेखकांपैकी एकीचा वर्ग मी पुण्यात पाहिला. महापालिकेच्या शाळेची खोली, टेबलावर दोन डिजिटल कीबोर्ड, ज्यांच्या पट्ट्यांना वजन नाही. बाकीच्या मुलांपुढे जाड कागदावर खऱ्या मापाने छापलेल्या पट्ट्या. एक मुलगा पाच सुरांत बसणारी चाल वाजवत होता. त्याच्या शेजारी बसून ती खालच्या सप्तकात साथ करत होती. हा तुकडा डियाबेलीचा, चार हातांसाठी लिहिलेल्या मालिकेतला. त्यात विद्यार्थ्याचा हात जागचा हलत नाही, सगळी गुंतागुंत शिक्षकाच्या वाट्याला. मुलाला आपण पहिल्याच महिन्यात मोठं संगीत वाजवतोय असं वाटतं, आणि ते खरंही असतं. कागदावर बोटं चालवणारी मुलं त्याच वेळी मोठ्याने गात होती. ज्याच्याजवळ वाद्य नाही तो गातो, असा त्या वर्गाचा नियम. तासाच्या शेवटी लक्षात आलं की या मुलांचे कान खाजगी शिकवणीतल्या मुलांपेक्षा पुढे आहेत, कारण कागद आवाज देत नाही आणि सूर आतून ऐकावा लागतो.

आत्ताच हे पुस्तक का, असा प्रश्न रास्त आहे. गेल्या काही वर्षांत कीबोर्ड स्वस्त झाले. पडद्यावर रंगीत पट्ट्या वरून खाली घसरतात आणि मूल त्यांना बोट लावत गाणं वाजवतं. 2020पासून परीक्षाही घरी चित्रित करून पाठवता येतात. नाशिक, सातारा, रत्नागिरीत कधी नव्हे इतकी मुलं कळपट्टीपाशी बसली आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारे शिक्षक अगदी थोडे आहेत. रंगीत पट्टी कुठली की दाबायची ते सांगते. विरणाऱ्या सुराला पुढचा सूर कसा जोडायचा ते सांगत नाही. ते सांगायला शेजारी माणूस बसावा लागतो. तो माणूस परदेशी पदवीधरच हवा असं नाही. सहाव्या ग्रेडला असलेली, नीट ऐकणारी अठरा वर्षांची मुलगी ते काम करू शकते, फक्त तिला शिकवायचं कसं हे कुणीतरी सांगायला हवं. संगीतशाळांनी पदवी देण्याआधी प्रत्येक वादकाला वर्षभर वस्तीतल्या वर्गात शिकवायला लावावं असं मला ठामपणे वाटतं. ते दान म्हणून नको, शिक्षणाचा भाग म्हणून हवं.

मराठीत पियानोवर पुस्तकं फार थोडी. हे पुस्तक स्वयंशिक्षक नाही. ते वाचून पियानो येणार नाही. रचनाकारांची चरित्रंही यात नाहीत. वादकाचा दिवस कसा जातो, हात दुखतो तेव्हा काय करावं, पाठांतर मंचावर का सुटतं, वर्गातलं मूल सहा महिन्यांनी येईनासं झालं तर त्याच्या घरी जावं की नाही, अशा प्रश्नांवर ज्यांनी ते सोसले त्यांनी लिहिलं आहे. त्यांच्यात एकमत नाही. डिजिटल कीबोर्डवर शिकवावं की नाही यावर दोन लेख समोरासमोर उभे आहेत आणि मी त्यांत मध्यस्थी केलेली नाही. पेटीवाल्या गुरुजींकडे आधी शिकून मग पियानोकडे आलेल्या एका लेखकाचं लेखन मला विशेष मोलाचं वाटतं, कारण हा रस्ता अनेक मराठी मुलांचा असेल.

मजकुरात पट्ट्यांचा उल्लेख शक्य तिथे पांढरी-काळीच्या आपल्या मोजणीने केला आहे, नोटेशनचे नमुने वेगळे दिले आहेत. नोटेशन न येणाऱ्याने ते ओलांडून पुढे जावं. लेखाचा धागा तुटणार नाही याची काळजी घेतली आहे. ज्या रचनांची नावं येतात त्या आधी ऐकाव्यात आणि मग लेख वाचावा, एवढी विनंती. शिक्षकांसाठी शेवटी पाच सुरांत बसणाऱ्या मराठी चालींची चार हातांची मांडणी जोडली आहे; ती वर्गासाठी कुणीही, न विचारता, उतरवून घ्यावी.